टँकरभाऊ आणि घरगाडीची टाकी

टँकरभाऊंचं खरं नाव इमारतीत कुणालाच आठवत नाही, त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींनासुद्धा ते अर्ज भरतानाच आठवत असावं. उभा जन्म त्यांनी पाण्याचा टँकर चालवला. निवृत्त झाल्यावर माणूस घरात पाय पसरून बसतो, पण भाऊंनी एक जुनी घरगाडी घेतली. आत पलंग, ओटा, बोटभर मोरी आणि पलंगाखाली पाण्याची टाकी. "आता उन्हाळा येईपर्यंत तोंड दाखवणार नाही!" असं त्यांनी जिन्यात उभं राहून तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मेहुणा, म्हणजे वहिनींचा भाऊ, खालच्या मजल्यावरच राहतो. तो म्हणाला, "भावोजी, किल्ली ठेवून जा, लवकरच लागेल." भाऊंनी किल्ली दिली नाही. रागाने शेजारच्यांकडे दिली.

वहिनी निघाल्या त्या एका अटीवर. वहिनींचे केस हा इमारतीतला आदराचा विषय आहे. या वयातही कमरेखाली उतरतात आणि धुवायचे म्हटलं की अर्धी टाकी पितात. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "अहो, बाकी सगळं चालवून घेईन. ज्या दिवशी डोक्यावरून नीट पाणी घेता आलं नाही, त्या दिवशी गाडी घराकडे वळवायची."

"पाण्याची काळजी तू मला सांगतेस?" भाऊ म्हणाले. तसं त्यांचं चूक नव्हतं.

जागा मात्र देखणी निवडली होती. तळ्याकाठचं मोकळं माळरान, फुकट मुक्काम, शेजारी कुणी नाही. वीज नाही आणि नळही नाही. नळ होता तो उतार संपतो तिथल्या खेळाच्या मैदानावर, आणि तिथे राखणदार होता.

"पाइप लावायचा नाही," राखणदाराने पहिल्याच दिवशी बजावलं. "कॅन भरून न्या. पाइप लावू दिला तर उद्या इथे गाड्यांची रांग लागेल."

"अहो, मी पाण्याच्याच धंद्यातला माणूस."

"मग कॅन उचलायची सवय असेल."

सवय नव्हती. टँकरमध्ये पाणी वरून पडायचं आणि खालून जायचं, मधे भाऊ विडी ओढायचे. इथे दोन हातांत दोन कॅन घेऊन चढ चढायचा. गाडीच्या कुशीतलं झाकण काढायचं, बाटली कापून केलेलं नरसाळं त्यात बसवायचं आणि कॅन छातीशी धरून हळूहळू ओतायचं. घाई केली की टाकीतली हवा उलटी येऊन गुडुक करते आणि पाणी थेट बाहीतून काखेत. उजवा खांदा पहिल्याच दिवशी कुरकुरला. भाऊंनी त्याला दटावलं. रोज दोन-चार कॅन आणून भांडी, चहा, हातपाय भागत होतं. मग वहिनी म्हणाल्या, "उद्या सकाळी केस धुवायचे म्हणते."

झालं. भाऊंनी दुपारपासून सुरुवात केली. किती खेपा झाल्या ते विचारू नये. शेवटी शेवटी ते चढावर मधेच कॅन खाली ठेवून तळ्याचा देखावा बघायचे. म्हणजे धापा टाकायचे, पण तोंड तळ्याकडे करून. ऊन कलता कलता झाकणातून पाणी बाहेर आलं. टाकी काठोकाठ भरली. भाऊंनी हात पुसले, गाडीभोवती एक चक्कर मारली, मागे वाकले, सरळ झाले आणि आत येऊन पावाचे चार तुकडे खाऊन आडवे झाले.

सकाळी वहिनींनी केस भिजवले. साबणाचा हा एवढा फेस झाला. मग टाकीतून पाणी खेचणारा बॅटरीवरचा पंप घर्रर्र करू लागला. मग खोकला. मग नुसताच रडू लागला.

"अहो!"

"आलो, आलो."

"काल भरली ना टाकी?"

"काठोकाठ!"

"मग काय तिने रात्री पिऊन टाकली?" वहिनींचे डोळे मिटलेले होते, पण नजर होती.

भाऊ बाहेर येऊन गाडीखाली वाकले. मागचं गवत चिंब होतं. टाकीच्या बुडाचा, पाणी सोडायचा कॉक सताड उघडा. तो कुणी उघडला हे शोधायला कुठे जायचं नव्हतं. टँकरवर असताना दिवसाचं काम संपलं, गाडी उभी केली, की खालचा कॉक उघडून ठेवायचा. उरलंसुरलं पाणी रात्रीत निथळतं, बुडाला शेवाळ धरत नाही. आयुष्यभर हाच शेवट. काल अंग मोडेस्तोवर दमले तेव्हा हाताला वाटलं, झालं आपलं काम, आणि हाताने ते परस्पर उरकून टाकलं.

भाऊ तसेच उकिडवे बसून राहिले. उठायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"फुटली का टाकी?" आतून आवाज.

हो म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण खोटं रचायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते.

"मीच कॉक उघडला गं. सवयीने."

मग वहिनी म्हणाल्या, "साबण वाळतोय."

भाऊ एकच कॅन घेऊन उतरले. एकच घेतला हे राखणदाराने पाहिलं. वर आल्यावर वहिनी पायरीवर मान खाली घालून बसल्या आणि भाऊ डाव्या हाताने मगाने पाणी घालू लागले.

"उजव्याला काय झालं?"

"काही नाही."

"झोपेत कूस बदलताना कण्हता. मी काय बहिरी आहे?"

मग पुन्हा मगाने पाणी. फेस बराचसा गेला, कानामागे राहिला.

"मग आता?" भाऊंनी विचारलं.

"आता काय? अट माझी होती, मोडली तुम्ही. तुम्हीच बोला."

भाऊंनी उताराकडे पाहिलं. टाकी पुन्हा भरायची म्हणजे तो सगळा चढ पुन्हा. "मला नाही गं आता होत," ते म्हणाले. एवढं वाक्य त्यांनी टँकरच्या मालकालाही कधी ऐकवलं नव्हतं.

वहिनींनी केस पिळले. "मग एवढे दिवस कशाची वाट बघत होता?"

"तू कंटाळायची."

"मीही तेच करत होते," वहिनी म्हणाल्या आणि टॉवेलात तोंड लपवून हसल्या. थकलेलं हसू, पण हसू.

"तुझ्या भावाला काय सांगायचं?"

"सांगा, बहिणीचे केस धुवायला पाणी पुरेना."

"तुला चालेल?"

"अहो, त्याला मी लहानपणापासून ओळखते. माझ्या केसांना चार दिवस हसेल आणि गप्प बसेल. तुमच्या खांद्याचं कळलं तर जन्मभर जिन्यात तुम्हाला कॅन देत राहील."

भाऊंनी एकदा तोंडदेखलं नको म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणायचं त्राण नव्हतं. गाडी त्यांनी डाव्या हाताने वळवली.

त्यामुळे इमारतीत आजही विषय निघाला की सगळे वहिनींच्या केसांना बोल लावतात. मेहुणा तर सगळ्यात मोठ्याने. टँकरभाऊ तेव्हा खिडकीबाहेर बघत असतात, आणि डाव्या हाताने चहाचा कप उचलतात.