सभेची माणसं मोजणाऱ्या बाई

आमच्या गणिताच्या बाईंनी बरोबर उत्तराला कधी बरोबर म्हटलं नाही, आणि चूक उत्तराला चूकही म्हटलं नाही. पाटी घेऊन पुढे गेलं की त्या पाटीकडे बघायच्याच नाहीत. "मला काय दाखवतेस? शेजारणीला दाखव. तिला पटलं का विचार." शेजारणीला पटलं नाही तर दोघींनी भांडायचं, आणि भांडण मिटेपर्यंत बाई खिडकीच्या कट्ट्यावर बसून ऐकत राहायच्या. आम्ही त्यांना पटलंका बाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

मी तेव्हा लालबागला मुलींच्या शाळेत सहावीत होते. फार हुशार नव्हते. बाई दिसायला उंच, हाडकुळ्या. हसल्या तर पुढचा दात तिरका दिसायचा. गिरगावातून, फणसवाडीतून ट्रामने यायच्या. वडील वारलेले, धाकटा भाऊ शिकत होता, घरात मिळवत्या त्या एकट्याच. त्यात नोकरी हंगामी. वर्षअखेरीला मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, चांगला शेरा लिहिला तर कायम, नाहीतर घरी. हे आम्हाला शाळेतल्या आयाबाईंनी सांगितलं होतं. आयाबाईंच्या पोटात काही राहत नसे.

आणि मोठ्या बाईंना गोंगाट खपत नसे. एकदा क्षेत्रफळ शिकवायचं होतं. बाई म्हणाल्या, "आपल्या वर्गात किती पाट्या मावतील?" कुणी शंभर म्हणालं, कुणी हजार. मग आम्ही आमच्या आणि शेजारच्या वर्गाच्या पाट्या आणून जमिनीवर अंथरल्या. निम्मी जमीन भरल्यावर पाट्या संपल्या. एकच ओरडा झाला. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "पूर्ण भरायला कशाला पाहिजे? एक उभी ओळ मोजू, एक आडवी मोजू." बाई कट्ट्यावरून खाली उतरल्या. नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई दारात आल्या. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

"हे काय चाललंय?"

"क्षेत्रफळ, मोठ्या बाई."

"पुस्तकात आहे ना क्षेत्रफळ?"

"आहे. पण त्यावर चालता येत नाही."

आम्ही हसलो. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. शाळा चार दिवस चालू, दोन दिवस बंद. चाळीत रोज मोर्चाचं नाहीतर सभेचं बोलणं. माझे बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर होते. त्यांच्या शेजारच्या साच्यावरचा माणूस गोळीबारात गेला होता. तेव्हापासून ते एकही सभा चुकवत नसत. जवळच्या मैदानावरच्या एका सभेहून आले ते घसा बसवूनच. "पाच लाख माणूस होता," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात आमचं त्यावरूनच जुंपलं. मी म्हटलं पाच लाख. एकीचा मामा म्हणाला होता तीन. एकीने तर दहा सांगितले. बाईंनी तासाचं गणित बाजूला ठेवलं. "हेच सोडवा आज. पण ओरडून नाही."

कसं सोडवायचं हेही त्यांनी सांगितलं नाही. तासभर डोकं खाजवून आम्हीच ठरवलं की एक चौकोन आखायचा, त्यात किती जणी बसतात ते बघायचं, आणि असे किती चौकोन मैदानात मावतात ते काढायचं. शाळेच्या अंगणात खडूने चार हात लांब, चार हात रुंद चौकोन आखला. नऊ जणी बसल्या. शनिवारी सुतळीला हाताहातावर गाठी मारून आम्ही अख्खं मैदान मोजलं. क्रिकेट खेळणारी पोरं "ए, सुतळीवाल्या!" म्हणून चिडवत होती. बाई लांब सावलीत शेंगदाणे खात बसल्या होत्या. हिशोब आला पाऊण लाख.

मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. जेवायच्या वेळी सांगितलं, तेवढी अक्कल नव्हती.

बाबा घास हातात धरून बसले. "कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही. आम्ही मोजलं."

त्यांना ते खरं वाटेना. मूठभर लोकांचा दंगा आहे, असं सरकारची माणसं तेव्हा म्हणतच होती. आता तेच आपली पोर म्हणते. आकडा कमी केला की मेलेला माणूसही कमी होतो, असं त्यांना वाटलं असावं.

सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर ते चाळीतल्या तिघांना घेऊन शाळेत आले. मधली सुट्टी होती. बाई अंगणातच होत्या.

"बाई, सभेला माणसंच नव्हती असं पोरींना शिकवता? आम्ही पाच लाख होतो तिथं. तुम्ही कुणाच्या बाजूच्या, तेवढं सांगा."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाई मात्र हातातला डबा खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "मुंबई महाराष्ट्राचीच, यात मला शंका नाही. किती माणसं होती, यात आहे. हा मुलींचा चौकोन. सभेत उभे राहता तसे यात उभे राहा आणि त्यांना पटवा."

चौघे एकमेकांकडे बघायला लागले. मग बाबा आत जाऊन उभे राहिले. मागोमाग तिघे. चौकोन रिकामाच दिसत होता. त्या तिघांतल्या, आमच्या खालच्या मजल्यावरच्या नानांनी फाटकात जाऊन पाळी सुटून घरी चाललेल्यांना हाका मारल्या. "अरे या, या! माणसं कमी पडतायत!" कशाला ते न विचारता माणसं आली.

"आत सर की, नाना."

"किती सरू? पोट घरी ठेवून येऊ?"

"पाय! माझा पाय!"

आम्ही मोजत होतो. नऊ झाले, दहा झाले, बारा झाले. सोळाव्याला जागा मिळाली. सतरावा आत घेतला तेव्हा नाना रेषेबाहेर पडले.

बाईंचा तिरका दात दिसला. "बघा गं. आपण कशा बसलो होतो?"

"कवायतीसारख्या," मी म्हटलं. खरंच, एकमेकींत हातभर अंतर ठेवून बसलो होतो. शाळेत तशीच सवय होती.

तिथेच ओट्यावर खडूने मी नवा हिशोब मांडला. बाबा माझ्या डोक्यावर वाकून बघत होते. सव्वा लाखाच्या थोडं वर आलं.

"एवढंच?" बाबा म्हणाले.

"मैदानच एवढं आहे," मी म्हटलं.

"बाहेर रस्त्यावर पण माणसं होती."

"मग रस्ता मोजायला हवा," बाई म्हणाल्या.

रविवारी बाबा खरंच आले. सुतळीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. माझ्या बापाने मला शाळेच्या कामात मदत केली ती त्या एका दिवशी. रस्ता धरूनही पाच लाख झाले नाहीत. बाबांनी चाळीत तेही सांगितलं, आणि त्यावरून नानांशी त्यांचं आठवडाभर वाजलं.

पण मोठ्या बाईंनी त्या सोमवारी वरच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं. मुलींच्या शाळेत गिरणीची माणसं, तीही राजकारणावरून. वर्षअखेरीला आयाबाईंनी बातमी आणली की बाईंना पुढची नेमणूक नाही. बाबांना सांगितल्यावर ते त्याच तिघांना घेऊन परत शाळेत गेले. मी दाराबाहेर उभी होते.

"बाईंना ठेवा," बाबा म्हणाले. "आमची काही तक्रार नाही."

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही तक्रार घेऊन आलात, म्हणूनच त्यांना जावं लागतंय."

 

शेवटच्या दिवशी बाई फाटकातून निघाल्या तेव्हा बाबा वाट बघत उभे होते. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "बाई, आमच्यामुळं झालं हे."

दुसरी कुणी असती तर नाही नाही म्हणाली असती. बाई म्हणाल्या, "हो, तुमच्यामुळेच झालं." मग ट्राम येते का ते बघितलं आणि म्हणाल्या, "पण आलात ते बरं केलंत. घरी बसून नुसते रागावला असतात, तर माझ्या मुली पाऊण लाखावरच राहिल्या असत्या."