पाहुणे बहिणीला बघायला आले तेव्हा

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवते. चौतिसाव्या वर्षी, फळ्यावर लिहिता लिहिता एकदा खाली कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्ताची चव होती आणि कुणीतरी नाकाशी चप्पल धरली होती. समोर मुली रडत होत्या. त्या रडण्याचा माझ्याशी काही संबंध आहे, असं वाटतच नव्हतं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "एपिलेप्सी आहे. गोळ्या चुकवायच्या नाहीत. सध्या गाडी चालवू नका."

मी "बरं" म्हणाले. पुढचं सगळं नवऱ्यानंच विचारलं. घरी आल्यावर त्यानं बाथरूमची आतली कडी काढून टाकली. स्क्रू काढताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी चहा ठेवला.

मग गोळ्यांमुळे की कशामुळे, सगळं लांबून ऐकू यायला लागलं. ऑटोनं क्लासला जायचे, शिकवायचे, परत यायचे. कुणी विचारलं, "कसं वाटतंय?" तर "बरंय" म्हणायचे. काहीच वाटत नाही, असं कसं सांगणार?

अशात कंधारहून आईचा फोन आला. वडिलांनी, म्हणजे दादांनी, स्थळ पाहिलं होतं; धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. आई बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. शेवटी म्हणाली, "तू ह्या खेपेला येऊ नको, बाई. तितंच काही झालं तर? लोक म्हनतील, घराण्यातच हाय."

"बरं," मी म्हणाले. फोन ठेवून बसून राहिले. आता वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. नाही वाटलं.

पाहुणे येऊन गेले त्या संध्याकाळी बहिणीनं फोन केला.

"अक्का, त्यांनी इचारलं, मोठी बहीण का न्हाई आली. आई म्हनली, क्लासला सुट्टी न्हाई. मी सांगून टाकलं, तिला फिट येते म्हनून येऊ दिलं न्हाई."

"मग?"

"मग काय, अर्धा चहा ठेवून उठले. दादा माझ्याशी बोलून न्हाई राहिले."

"कशाला सांगितलंस?"

"उद्या माझ्या घरी तू यायचंच न्हाई का?"



पुढच्या रविवारी कुणालाही न विचारता मी एसटीनं कंधारला गेले. आईनं दार उघडलं आणि आधी माझ्या मागं, गल्लीत पाहिलं. मग आत घेतलं. दादा ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "गोळी घेतली का?"

"घेतली."

एवढंच. त्या पाहुण्यांचा निरोप आला नाही. बहिणीचं अजून कुठं जमलेलं नाही, आणि ती त्याबद्दल मला काही म्हणत नाही. त्या दुपारी तिनं ताट वाढलं. मी गरम भाकरी मागितली, मग अजून एक मागितली. कित्येक महिन्यांनी मला भूक लागली होती.