थाळीतला गिलास

अड्याळात कोणालेही धनीराम फिटरचं घर विचारा, दाखवतील. एस.टी.त चौतीस वर्षं गाड्याइखाली उताणं पडून काढली त्या माणसानं. रिटायर झाला तरी पाठीवरचं ग्रीस काही गेलं नाही, असं आमच्या घरचे म्हणतात. तो माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. मी चंदा. बहिणीचं नाव सुलोचना, पण मी लहानपणापासून तिले बाईच म्हणत आली. दोघी बहिणी एकाच गावात दिल्या, त्यामुळे तिच्या घरात काय शिजते ते मले वासावरून समजे.

भाऊजी माणूस वाईट नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याईले बोलणार आहे. दारू नाही, विडी नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. पण तोंड उघडता येत नाही. बाईचं डोकं दुखलं तर कसं वाटते म्हणून विचारणार नाहीत. उठतील नं खिडकीची फट बुजवतील. त्याईची पोरगी डिंपल लग्न होऊन तुमसरले निघाली तेव्हा सारं घर रडत होतं, अन् हा बाप वऱ्हाडाच्या गाडीचे नट आवळून राहिला होता. माया होती, नाही कशी म्हणू. पण ती हातातल्या नट-पान्यातून निघे, तोंडातून नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाईच्या दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून दोनदा नागपूरले जायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनवर पडायचं अन् परत यायचं. आधी एस.टी.नं गेलो, मंग भाड्याच्या गाडीनं. धानाच्या रोवण्याचे दिवस संपता संपता बाई एकदा म्हणाली, "मले मशीन नाही दुखत, रस्ता दुखते. हाडाचं पीठ होते माह्या. म्या नाही जात आता."

भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. किडनी त्याईच्या हातची गोष्ट नव्हती. पण रस्ता दुखते म्हटल्यावर त्याईच्या डोळ्यात जीव आला. हादरा म्हणजे त्याईच्या घरची गोष्ट.

साकोलीहून शाळेची एक जुनी मिनीबस आणली. आतली बाकडी उपटून टाकली, बाईसाठी खाट ठोकली, कोपऱ्यात गॅसची शेगडी, पाण्याचा ड्रम, खिडकीले पडदे, खाटेमागं आडोसा करून संडासले बसायची खुर्ची. मशीनवरून उतरल्यावर बाईले त्याच दिवशी परतणं जमत नव्हतं. मंग दवाखान्याच्या मागं लिंबाखाली गाडी लावायची, तिथंच मी भात टाकायची, तिथंच झोपायचं, अन् सकाळी निघायचं. गावातली पोट्टी म्हणत, फिटरनं घराले चाकं लावली. भाऊजीनं बाईले एवढंच म्हटलं, "गाडी हादरली नाही तं जाशील ना?" बाई म्हणाली, जाईन. तेवढ्या एका शब्दावर तो माणूस कामाले लागला. गाडी सुधरली तर बायको वाचते, असंच त्याईनं मनात धरलं होतं.

पहिली खेप काय सांगू बाप्पा. तीस पोरांचं वजन घ्यासाठी बनलेली गाडी, अन् बसलेली आम्ही तीन माणसं. चाकावरच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे इतके कडक की खड्डा आला का मागचं धूड उडे. ड्रम डाव्या अंगाले होता, तर गाडी डावीकडे ओढे. भाऊजी भंडाऱ्यापर्यंत स्टेरिंग उजवीकडे दाबून बसले. पहेला गावच्या वळणावर बाई खाटेवरून घसरली, मी कमरेले धरली म्हणून वाचली.

दुसऱ्या खेपेपासून भाऊजीनं खाटेजवळ फळी ठोकली. तिच्यावर स्टीलची थाळी, अन् थाळीत काठोकाठ भरलेला पाण्याचा गिलास. जितकं पाणी थाळीत सांडलं तितका गाडीत दोष. नागपूरले पोचलो की माझ्याशी नाही, बाईशी नाही, आधी थाळीशी बोलत.

मंग सुरू झालं. ड्रम मधोमध आणला. पुढच्या चाकाचे किंगपिन, टाय रॉड बदलले. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून चाकं सरळ केली. तेवढ्यानं मन भरलं नाही, तर नागपुरात मशीनवर अलाइनमेंट करून आणली. कमानीतले दोन पाटे काढले, तर हादरा कमी झाला पण वळणावर गाडी तणसानं भरलेल्या बैलबंडीसारखी झुले. म्हणून भंगारातून एक दांडा आणून दोन्ही अंगाच्या चाकांमध्ये आडवा बसवला, झोल थांबला. शेवटी चारही शॉकअप नवे. गिलास अर्धा सांडे तो पाव सांडू लागला, मंग दोन बोटं.

मले राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. बाईले दिवसाले दोन गिलास पाणी, औषधासकट, यापरस जास्त नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. मी चहाच्या वाटीनं मोजून द्यायची. ती वाटी चाटे अक्षरशः. अन् हा शहाणा तिच्या डोळ्यासमोर भरलेला गिलास ठेवते.

मी एकदा बोललीच, "तहानेल्या बाईपुढं पाणी ठेवता भाऊजी, काही वाटते का?"

"मंग काय ठेवू?" ते म्हणाले. "तेल जड राहते. हलत नाही."

याले काय म्हणावं? दुखणं म्हशीले अन् इंजेक्शन पखालीले.

दिवाळीच्या आसपासची गोष्ट. भंडारा मागं पडलं होतं, थाळी कोरडी होती. मी पाहिलं, बाईनंही पाहिलं. ती कोपरावर उठली, गिलास उचलला अन् दोन घोट प्याली. मले हिसकता आला असता, नाही हिसकला. तिचे डोळे मिटले होते पिताना.

मंग म्हणाली, "थोडं थाळीत सांडव."

"काहून?"

"गाडी बरी झाली वं चंदा. त्याईले समजलं तं दर खेपेले जा लागन. मले नाही जायाचं आता. थकली मी."

"तोंडानं सांग ना मंग तसं."

"कोणत्या तोंडानं सांगू? माणूस माह्यासाठी गाडीखाली मरून राहिला." मंग म्हणाली, "त्याईले दुसरं काय येते? करू दे."

मी सांडवलं. माझ्या हातानं गिलास तिरपा करून थाळीत पाणी सांडवलं. धरलं तर चावते, सोडलं तर पळते, असं झालं होतं माझं. संक्रांतीपर्यंत दर खेपेले हेच चाललं. बाई दोन घोट प्यायची, मी दोन बोटं सांडवायची. भाऊजी थाळी पाहत, अन् घरी आले की गाडी खोलत. काढलेला पाटा घातला, घातलेला काढला. रबरी बुश बदलले. टायर बदलले. पुन्हा अलाइनमेंटच्या मशीनवर गेले. तिथला माणूस म्हणाला, काका, चाकं सुतात आहेत, घरी जा. गाडी उघडी पडली की एक खेप चुके. बाईले तेच पाहिजे होतं. तिच्या पायावर सूज चढत चालली, अन् भाऊजीले वाटे आपण उशीर करून राहिलो. म्हणून ते अजून घाई करत, अंगणात, गाडीखाली, दिवसभर.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी निघालो. बाईचे हात इतके सुजले होते की तिनं गिलासाकडे नुसतं पाहिलं. तिच्यानं तो उचललाच गेला नाही. भंडाऱ्याच्या पुढं हायवेवर भाऊजीनं आरशात पाहून मले हाक मारली, "चंदा, पाहा." दोन्ही हात स्टेरिंगवरून काढले होते. गाडी धाग्यात ओवल्यासारखी सरळ चालली होती.

त्या दिवशी मी पाणी सांडवलं नाही. खोटं करून करून माझा जीव विटला होता.

एका धाब्याच्या मोकळ्या जागेत भाऊजीनं गाडी थांबवली अन् मागं आले. गिलास काठोकाठ. थाळीत बोट फिरवलं, बोट कोरडं. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा मी त्याईले हसताना पाहिलं.

"थेंब नाही सांडला," ते बाईले म्हणाले. "आता तं नाही ना दुखत?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं, मंग त्याईच्याकडे. "नाही दुखत जी. दिवाळीपासूनच नाही दुखत."

भाऊजीले समजलं नाही. "मंग थाळीतलं पाणी?"

"मी सांडवत होती," मी म्हटलं.

"तिले बोलू नका. म्याच सांगितलं होतं. मले मशीनवर नाही जायाचं आता."

भाऊजी खाटेजवळ खालीच बसले. ते ओरडले असते, मले दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "दोन महिने मी गाडीखाली होतो."

"हाव," बाई म्हणाली. "म्या खाटेवरून तुमचे पायच पाहत होती."

भाऊजीनं गिलास उचलला. मी सवयीनं म्हटलं, डॉक्टरनं नाही सांगितलं. त्याईनं ऐकलं नाही. बाईच्या मानेखाली हात घातला अन् गिलास तिच्या ओठाले लावला. ती सारं पाणी प्याली, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मंग भाऊजी उठले, समोर जाऊन बसले अन् गाडी अड्याळकडे वळवली. रिकामा गिलास थाळीत तसाच होता. घरापर्यंत एकदाही वाजला नाही.

बाई त्यानंतर अकरा दिवस राहिली. अकराही दिवस भाऊजी तिच्या खाटेजवळ बसून होते. कधी तिचे पाय चोळत, कधी लग्नातल्या गोष्टी काढत; मी त्या माणसाले इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. एकदा तर बाई हसलीही. गाडीकडे ते फिरकले नाहीत.

अकरा दिवस. मी दिवाळीतच तोंड उघडलं असतं, तर दोघांले असे बोलायचे दोन महिने भेटले असते.