मुठीतला कागद

इरा, माझी मुलगी, पाचवीत आहे. काल तिची मैत्रीण सानिका मधल्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्याच बाकावर बसली, म्हणून इराने कट्टी केली. आज सकाळी वेणी घालताना मी समजावलं, "चिडण्याआधी तिला विचार तरी, काय झालं ते."

संध्याकाळी हिंजवडीहून दीड तास गाडी चालवत कर्वेनगरला पोचले, तर आमचा फ्लॅट नंबर लिहिलेल्या पार्किंगच्या जागेत शेजारच्या काकांची गाडी. घरी येऊन मी कागदावर लिहिलं, 'आपणांस आकडे वाचता येत नसल्यास शिकवणी लावून देऊ.' वाक्य मला फारच आवडलं.

काकांच्या गाडीच्या काचेवर लावायला इराकडे चिकटपट्टी मागितली. तिने कागद वाचला. "काकांना विचारलंस का, काय झालं ते?"

"नाही."

"मी सानिकाला विचारलं. तिच्या दातांना तार लावलीये, घास अडकतो. मी हसेन असं वाटलं तिला."

आम्ही दोघींनी काकांची बेल वाजवली.

"अहो, सॉरी. हिला आत्ताच दवाखान्यातून आणलं, तुमची जागा लिफ्टजवळ आहे म्हणून तिथे लावली. लगेच काढतो."

"राहू दे," मी म्हटलं.

तुम्ही मुलांना जे शिकवता, त्यातलं किती तुम्हाला जमतं? माझ्या मुठीतला कागद काकांना दिसला नाही. इराला दिसत होता.