संध्याकाळच्या बसमध्ये उरलेला मजकूर

आकुर्डीतल्या एका लहानशा जाहिरात कंपनीत मी मराठी मजकूर लिहिते. तो कसा उतरला हे ठरवायला ऑफिसात आता एक सॉफ्टवेअर आलं आहे. मजकूर त्यात टाकला की ते गुण देतं. आमच्या घरची पद्धत त्याहून जुनी होती, आणि मला अजूनही तीच खरी वाटते.

माझा नवरा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला की तो माझा कागद काढायचा आणि सगळ्यांना एकदाच वाचून दाखवायचा. कितीही आग्रह झाला तरी पुन्हा वाचायचा नाही. संध्याकाळी माणसं दमून परत निघाली की विचारायचा, "सकाळी काय ऐकलंत, सांगा." दिवसभराच्या यंत्रांच्या आवाजातून जे टिकलं असेल, ते तो घरी आणायचा. जे टिकलं नाही, त्यावर मी काट मारायची.

मोशीतल्या नव्या सदनिकांसाठी मी एकदा 'नदीकाठचा निवांतपणा' असं लिहिलं होतं, आणि त्यावर खूश होते. बसमध्ये त्याच्या शेजारी मूळ मोशीचे एक सहकारी बसायचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत; ते संध्याकाळी म्हणाले, "वहिनींना सांगा, नदीचा वास आमी रोज घेतोय. नळाला पाणी कवा येतं ते लिवा." घरी येऊन त्याने ते अगदी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. मी हसत हसत नदी काढली आणि पाणी घातलं.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

पुन्हा कामाला लागले तेव्हा रडू आवरत होतं, पण एक शंका आवरत नव्हती. माझं कसब खरंच माझं होतं, की त्याच्या कानांवर चाललं होतं? ऑफिसात कोणाला हा प्रश्न पडला नव्हता. मला मात्र त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा कागद हातावेगळा करायचा नव्हता.

त्या सुमारास भोसरीच्या एका वर्कशॉपचं काम आलं. त्यांना सुट्या भागांच्या जुळणीच्या कामावर बायका हव्या होत्या, आणि त्यासाठी पत्रक छापायचं होतं. मी लिहिलं: काम बसून करायचं, आधी शिकवलं जाईल, फक्त दिवसपाळी, बस घराजवळ येईल, आठवड्याची सुट्टी मिळेल. आमच्या सरांनी वर स्वतःची एक ओळ घातली, 'तुमच्या हातांना नवी ओळख'.

"ही टिकणार नाही, सर," मी म्हणाले.

"अहो, सर्वांत जास्त गुण तिलाच मिळालेत!"

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. मग सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. मोशीचे भाऊ मला बघून जरा गडबडले. मी कागद पुढे केला. "वाचून दाखवाल? एकदाच."

"व्हय, नियम ठावं हाय आमाला," ते म्हणाले, आणि कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला.

दुपारी मी माझ्याजवळच्या प्रतीवर, जे उरेल असं वाटत होतं त्याखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. सरांची ओळ तशीच सोडली. आता जे काही होतं ते माझ्याच कानांवर होतं.

संध्याकाळी बस आली. घाई असलेले निघून गेले, चौघे-पाचजण माझ्याभोवती थांबले.

"बसून काम," एकजण म्हणाला. "बस घराजवळ येती."

"शिकवत्यात, आणि रातपाळी न्हाई," भाऊ म्हणाले. "माझ्या भावजयला सांगणार हाय."

"आणि वर, सुरुवातीला काय होतं?"

"वर काय होतं का?" मागून एकाने विचारलं. "हातापायाचं कायतरी," दुसरा म्हणाला, "मला वाटलं मलमाची जाहिरात हाय." सगळे हसले. मीही हसले, आणि किती दिवसांनी हसले ते माझ्या लक्षात आलं. मी पेन्सिलीने रेघ ओढलेलं एकही वाक्य गळलं नव्हतं.

मग भाऊ म्हणाले, "पन वहिनी, सुट्टी कवाची? आयतवारची का गुरुवारची? पोरांच्या शाळंचं बघाया लागतं बायकांना."

या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. आमच्या घरात तर इतकी वर्षं गुरुवारच खरा रविवार होता. त्याची सुट्टी म्हणून मटण गुरुवारी, उशिरा उठणं गुरुवारी, माझी रजाही जमेल तेव्हा गुरुवारी. तो गेल्यावर तो वार घरातून उठून गेला, आणि माझ्या कागदावरूनही. वाक्यांचा कान माझाच होता, तो शाबूत होता. चुकलं होतं ते तिथे, जिथे मला बघवत नव्हतं.

तिथूनच मी वर्कशॉपला फोन लावला. सुट्टी गुरुवारचीच होती. मग सरांना फोन करून सांगितलं, तुमची ओळ काढतेय आणि एक वार घालतेय.

"गुण कमी होतील हो."

"होऊ द्या."

भाऊंच्या खांद्याच्या पिशवीवर कागद ठेवून मी 'गुरुवारी सुट्टी' असं लिहिलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली, आणि म्हणाले, "उद्या परत वाचू का बसमंदी?"

"नको," मी म्हणाले. "झालंय हे."

पत्रक तसंच छापायला गेलं.