एक वीत चार बोटं

लातुरात ज्यांच्या माडीवर मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो, त्या आमच्या घरमालकांइतका छपराचा दुस्वास करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे त्यांच्याइतकी छपरं शिवणाराही सापडायचा नाही. गंजगोलाईच्या मागच्या बोळात त्यांचं रिक्षाचे हूड शिवायचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. भूकंप झाला आणि मामांचा सिमेंटवरचा विश्वास जो उडाला तो परत काही बसला नाही. पुढं शहरात कोचिंगची लाट आली, बिलोली-अहमदपूरची पोरं ट्रंका आणि गाद्या घेऊन बसस्टँडवर उतरायला लागली, तशी गल्लीतल्या प्रत्येकानं घरावर खोल्या चढवल्या. मामींनीही हट्टानं चढवायला लावल्या. मामांनी मुकाट्यानं स्लॅब टाकला, त्याखाली आम्हा भाडेकरूंना कोंबलं आणि स्वतः अंगणात चार बांबूंवर हातानं शिवलेलं कॅनव्हास ताणून त्याखाली बाज टाकली. हिवाळा असो, पावसाळा असो, माणूस तिथंच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “छप्पर कसं पायजे सर? आंगावर पडलं तर माणसाला हसू आलं पायजे.”

मी मूळचा देगलूरचा, एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला म्हणून लातुरात आलेला. आपण स्लॅबखाली कुणालातरी झोपवतोय याची मामांना रोज नव्यानं टोचणी लागायची. त्यामुळं सकाळी साडेपाचला अंगणातून आरोळी यायची, “हायत का सर?” मी पांघरुणातूनच “हाय मामा, हाय,” असं ओरडेपर्यंत हा गृहस्थ जागचा हलत नसे. एका रविवारी मी चिडून उत्तरच दिलं नाही. म्हटलं, आज एक दिवस तरी आठपर्यंत झोपायचं. तर खिडकीतून सुतळीची भलीमोठी गुंडी येऊन माझ्या पोटावर आदळली आणि मागोमाग मामा जिना चढून दारात हजर. मी जिवंत आहे हे बघून त्यांना इतका आनंद झाला, की मला रागावताही येईना.

शिवणकामाच्या बाबतीत तर ते देवालाही सूट देणारे नव्हते. टीप एका दोऱ्यानं वाकडी गेली तरी सगळी उसवायची आणि पुन्हा घालायची. टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. “टेप उन्हाळ्यात वाढतो,” म्हणायचे. माप घ्यायचं ते वीत आणि बोटांनी. त्यांचा एक डोळा जन्मभर दुसऱ्यांच्या शिवणीवरच असायचा. एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो, वाढपी भात घेऊन पुढ्यात उभा, आणि मामा पानावरून उठून मांडवाची कनात उलटी करून बघत राहिलेले! मांडववाल्याला बोलावून म्हणाले, “हे शिवलंय का चावलंय?” बिचारा मांडववाला पुढं अर्धा तास त्यांच्यापासून तोंड लपवत हिंडला. मी हौसेनं घेतलेली नवी बॅग त्यांनी मला न विचारता रात्रीतून उसवली. “आमच्या घरातून आसली शिवण बाहेर पडली तर माझी बेज्जती हाय,” हा खुलासा. ती शिवून होईपर्यंत मी तीन दिवस पुस्तकं उशीच्या अभ्र्यात घालून क्लासला गेलो. पोरांनी मागं काय नाव ठेवलं ते सांगत नाही. पण खरं सांगतो, ती बॅग अजून माझ्याकडं आहे आणि तिची एक टीप हललेली नाही.

या माणसाच्या जिवाला एकच घोर होता, तो म्हणजे त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्काला किल्लारीच्या बाजूच्या गावी दिलेली. भूकंपात तिचे मालक आणि घर दगडमातीखाली गेलं. आक्का आणि तिची सातवीतली पोरगी अंगणात निजल्या होत्या, म्हणून वाचल्या. पोरीला मामांनी शिकायला लातुरात आणलं, पण आक्का काही येईना. सरकारनं बांधून दिलेल्या पक्क्या घरात तिनं ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः लिंबाच्या झाडाखाली राहायला लागली. छपराखाली म्हणून जात नसे. देवळात नाही, दुकानात नाही. मामांनी एकदा समजूत घालून एसटीत बसवलं, तर दार लागल्याबरोबर ती घामाघूम होऊन खाली उतरली. नागपंचमीला सासुरवाशिणीला माहेरी आणायला भाऊ जातो, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. मामा दर पंचमीला मुराळी होऊन धुतलेल्या कपड्यात जायचे आणि संध्याकाळी एकटेच परत यायचे. आदल्या दिवशी आक्कासाठी बांधलेला झोका मग स्वतःच्या हातानं सोडायचे. अशा पाच पंचम्या गेल्या. त्या संध्याकाळी ते कुणाची शिवणही बघत नसत.

अशात त्यांची भाची बारावीला असल्या मार्कांनी पास झाली, की मेडिकलची जागा हातातच आली म्हणा. मी तिचा मास्तर, पण छाती ठोकून सांगतो, ती माझ्याआधी गणित सोडवायची आणि माझं उत्तर येईपर्यंत नम्रपणे वाट बघायची. क्लासनं एका मंगल कार्यालयात सत्कार ठेवला, रविवारी सकाळी अकराला. बातमी ऐकून मामा दुकानात मशीनवर डोकं टेकून रडले. डोळे पुसून म्हणाले, “आता आक्का आली पायजे.” मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, उघड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून आणू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मीच तो मांडववाला. “लेकीच्या सत्काराला माझी बहीण ट्रॉलीत बसून येणार? उसाच्या मोळ्यांवानी? अन् मी मुराळी?”

दोन दिवसांनी त्यांनी गाडी आणली. गाडी म्हणजे काय, सांगतो. एका बागायतदाराच्या हौशी पोरानं मांजरा नदीच्या वाळूत पळवायला म्हणून जुन्या मोटारीचं इंजिन आणि लोखंडी पाईप जोडून एक बग्गी बनवून घेतली होती. दार नाही, काच नाही, टप नाही, नुसता सांगाडा आणि चार जाडजूड चाकं. पोराची हौस एका उन्हाळ्यात फिटली आणि बग्गी गोठ्यात पडली. मामांनी त्याच्या घरच्या सगळ्या गाड्यांच्या सीटा शिवून देण्याच्या बोलीवर ती उचलली. गल्लीत शिरली तेव्हा चाकं लावलेल्या बाजेसारखी दिसत होती, म्हणून पोरांनी तिथल्या तिथं नाव ठेवलं, खाट. “खाट आली, खाट आली!” मामांना ते नाव मनापासून आवडलं.

आता हिला टप शिवायचा होता. काळं रेक्झिन दुकानात थप्पीनं पडलेलं, पण त्यानं अंधार होतो, आक्का घाबरेल, म्हणून मामांनी मातकट पांढरं सुती कॅनव्हास आणलं. मामींना, मला आणि भाचीला खाटेत बसवून आमच्या डोक्यापासून दांडीपर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. मामी गल्लीसमोर पदर तोंडावर घेऊन अशा बसल्या होत्या, की कुणी वरातीतून पळवून आणलंय. “आजून किती बसू?” “गप. तू हाललीस की माप हालतंय.”

आणि इथं घोळ झाला. सुती कॅनव्हास आधी रात्रभर भिजवायचं, वाळवायचं आणि मगच कात्री लावायची, नाहीतर पहिल्या पाण्यात ते आखडतं. हा नियम मामांनीच गावभर लोकांना शिकवलेला. पण तेव्हा लातुरात नळ आठ दिवसांनी यायचा. यायचा होता सोमवारी, आणि सत्कार रविवारी. घरातल्या दोन पिंपांवर मामींचा पहारा. मामांनी नुसतं पिंपाकडं बघितलं, तर मामी कडाडल्या, “माणसाला तोंड धुवायला पाणी न्हाई, अन् तुमच्या कापडाला आंगुळ घालू का?” मामा निमूट मागं फिरले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोऱ्या कापडाला कात्री लावली. पण शिवला काय टप! दुहेरी टिपा, कडेला पितळी कड्या, दांडीवर ताणून बसवला तर ढोलासारखा वाजला. मामा चारी बाजूंनी फिरले आणि कुठंच काही उसवलं नाही. माझ्या माहितीत ही एकच वेळ.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. मामा धुतलेल्या धोतरात, डोक्याला रुमाल. औसा ओलांडलं आणि सडकून एक सर आली. दहा मिनिटांत उघडलीही, वर चरचरीत ऊन. मी म्हटलं, वा मामा, थेंब आला नाही आत. मामांचा कान टपाकडं होता. कापड कुरकुरायला लागलं होतं. आणि मग एकेक कडी पुढच्या दांडीवरून सुटली. टप मागं सरकून थांबला, आणि पुढच्या सीटच्या बरोबर वर आभाळ उघडं पडलं. मामांनी गाडी बाजूला घेतली, हात वर करून फट मोजली. “एक वीत चार बोटं,” म्हणाले आणि तिथंच बांधावर बसले. “चला माघारी. आसलं घिऊन मी आक्काम्होरं जाणार न्हाई.”

मला आला राग. “मामा, पाच वर्षं रिकामे परत आलात, ते चाललं. आता चार बोटांसाठी माघारी जाता? उठा! नाहीतर मी चालवतो, आणि मला चालवता येत नाही!” ह्या शेवटच्या वाक्यानं काम केलं.

आक्का लिंबाखाली शेंगा निवडत बसली होती. खाटेभोवती एक फेरी मारली, हसली. मामांनी हाताला धरून तिला मागच्या सीटवर, चांगल्या ताणलेल्या टपाखाली बसवलं. ती बसली, वर बघितलं, आणि तिचा चेहराच उतरला. “न्हाई रं बाबा. छातीत भरून यायलंय. तू जा. पोरीला सांग, मी हितूनच…” आणि उतरलीच. मला वाटलं, संपलं. ह्या माणसानं स्वतःवरून माप घेतलं होतं. आपल्याला कापडाखाली झोप लागते, तर बहिणीलाही लागेल. मामा पुढच्या सीटजवळ उभे होते, दोन्ही हात वर करून फटीवर रुमाल धरून. फट लपवत होते!

“ते काय झाकायलास?” आक्का म्हणाली.

“काय न्हाई आक्का. चुकलंय. कापड आखडलं.”

“हात काढ बगू.”

मामांनी रुमाल काढला. आक्का पुढच्या सीटवर चढली. मान मागं टाकून बराच वेळ वर बघत राहिली. मग पदर नीट केला, पाय आत घेतले.

“हितून आभाळ दिसतंय,” ती म्हणाली. “चल. हितंच बसते मी.”

मामांना गाडी चालू करायला तीन वेळा किल्ली फिरवावी लागली. गाडीत दोष काही नव्हता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात काही आक्का गेली नाही. स्लॅब होता ना वर. ती बाहेर खाटेतच बसली. आत भाचीचं नाव पुकारलं, शाल-नारळ दिलं, आणि ती पोरगी व्यासपीठावरून उतरून सरळ दाराबाहेर चालत आली. आख्खं सभागृह मागं वळून बघायला लागलं. तिनं शाल आईच्या खांद्यावर घातली आणि पायावर डोकं ठेवलं. लोक बाहेर आले, टाळ्या वाजायला लागल्या. मामा खाटेच्या दांडीला धरून असे उभे होते, की जणू सत्कार त्यांच्या टपाचाच आहे. मी तिथं होतो, हे मी अजून लोकांना अभिमानानं सांगतो.

सोमवारी नळ आला. मी म्हटलं, मामा, आता भिजवून एक पट्टी जोडून टाका पुढं. एका दोऱ्यासाठी आख्खी शिवण उसवणारा तो माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, “कामून? मापात हाय ते.”

त्यानंतर आक्का अकरा पंचम्यांना माहेरी आली. झोका संध्याकाळी सुटायचा बंद झाला, चार-चार दिवस टांगलेला असायचा. मी पुढं नांदेडला नोकरी धरली, पण पंचमीला लातूर चुकवलं नाही. भाची तिकडंच नांदेडला डॉक्टर झाली. मग आक्का गेली, झोपेत, लिंबाखाली. आता मामाही नाहीत, आणि सकाळी साडेपाचला मला कुणी हायत का विचारत नाही. आठपर्यंत झोपायला मोकळा आहे, पण जाग येतेच.

आक्का गेल्यानंतरच्या पहिल्या पंचमीला, मामा होते तेव्हा, मी गेलो, तर ते धुतलेल्या धोतरात अंगणात उभे. खाट पुसून ठेवलेली. मामी दारातून मला खुणेनं म्हणाल्या, जा त्यांच्यासंगं. मी सवयीनं मागं चढायला लागलो. मामांनी पुढच्या सीटवर थाप मारली. “हितं बसा सर.”

आक्का बसायला लागल्यापासून मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. औशाच्या रस्त्याला लागलो. रस्ता आक्काच्या गावाचाच होता. गावाबाहेर आल्यावर मामांनी गाडी हळू केली.

“दिसतंय का?”

मी मान मागं टाकली. दोन ढग होते, एक घार होती.

“दिसतंय, मामा.”