सुरैयानं बदललेली ओळ

पौडच्या बाजारात चाँदभाईंच्या किराणा दुकानात सुरैया साखर जोखायला बसली, की कोणाला वाटणारही नाही, ही त्यांची लेक पुण्याच्या एका रक्तपेढीत संगणकावर काम करते. ती स्वतः सांगायची नाही. मी कासार आंबोलीचा शाळामास्तर, बोलायची सवयच आहे, म्हणून मीच सांगतो. माझं घर तिच्यामुळे उभं आहे.

गोष्ट १९८९ सालची. रक्तदात्यांची माहिती संगणकावर फक्त डॉक्टरांनाच बघता यायची. डॉक्टर परगावी गेले की सगळं ठप्प. हे शहाणपण कोणाचं, देव जाणे. सुरैयानं त्यासाठी एसक्यूएलचं मॉड्यूल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते शोधून देणारा छोटा प्रोग्राम, लिहिलं. त्यात सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगून ठेवतात: कोणाच्या अधिकारानं चालायचं, आणि माहितीच्या तक्त्याचं नुसतं नाव आलं तर तो कोणत्या स्कीमात, म्हणजे तक्त्यांच्या कोणत्या गठ्ठ्यात, शोधायचा. डॉक्टरांना विचारून तिनं अधिकार त्यांचा घातला, म्हणजे ड्यूटीवरच्या सिस्टरलाही हवा तेवढा दाता सापडावा, बाकीचं झाकलेलं राहावं. स्कीमा मात्र अजून चाचणीचा होता. त्यातल्या तक्त्यात तिनं वडिलांची गिऱ्हाइकं भरली होती, रक्तगट आपल्या मनानं टाकून.

शनिवारी तिचे पेढीतले साहेब म्हणाले, खरा स्कीमा सोमवारी घाला. सुरैया एसटीसाठी निघालीही होती. फाटकातून परत फिरली, ती स्कीमाची ओळ बदलली, चालवून पाहिली आणि एसटी चुकवली. हे मला तिथल्या रत्नाबाई सिस्टरनी नंतर सांगितलं.

रविवारी दुपारी माझी बायको सोनी पुण्याच्या इस्पितळात बाळंतपणात अडली. रक्त फार गेलं. गट ओ निगेटिव्ह, पेढीत बाटली नाही, डॉक्टर नाशिकला. रत्नाबाईंनी मॉड्यूल चालवलं. भूगावच्या भिकूचं नाव आलं, शेजारच्या फोनवर निरोप गेला आणि तो आहे तसा धावत आला. चाचणीचा तक्ता असता, तर चाँदभाईंचं एखादं गिऱ्हाईक आलं असतं, आणि गट जुळत नाही हे कळेपर्यंत माझी सोनी गेली असती.

सगळ्यांनी आभार डॉक्टरांचे मानले. मी माझ्या तान्ह्या लेकीला घेऊन चाँदभाईंच्या दुकानात गेलो.

"सुरैया, तुझे उपकार फिटायचे न्हाईत," मी म्हणालो.

ती बाळाकडे बघत होती. "हिचा गट तपासला का, गुरुजी?"

"आईचाच हाय."

तिनं तराजू बाजूला सारला आणि बाळाची मूठ हातात घेतली. "मग लई जपा हिला. मोठी झाली की हिचं नाव बी त्या तक्त्यात घालू."

"घालू," मी म्हणालो.